काचपेटीतली ऑर्किड, इंदूरच्या हवेत

रेवाकाठ (इंदूर)

मंडळी, 'आपल्याकडची हवा कोरडी, इथे दमट जंगलातली ऑर्किड जगायची नाहीत' हे मी इंदुरात इतक्यांदा ऐकलंय की आता सविस्तर लिहितेच. माझं म्हणणं थोडक्यात असं, की कोरडी हवा हा यातला सर्वात सोपा प्रश्न आहे. झाड काचेच्या पेटीत ठेवलं की तो सुटतो. झाडं जातात ती उष्णतेने आणि कोंडलेल्या हवेने, आणि या दोन गोष्टींबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही.

आधी हिशोब बघा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच असा फिश टँक घेतला तर आत साधारण ८५ लिटर हवा मावते. २५ अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ धरू शकते. म्हणजे त्या अख्ख्या पेटीतली हवा १०० टक्के दमट व्हायला लागतं जेमतेम दोन ग्रॅम पाणी, चहाच्या अर्ध्या चमच्याहूनही कमी! तळाशी ओलं मॉस (शेवाळ) असेल तर तेवढी वाफ आपोआप तयार होते. ह्युमिडिफायर, फॉगर, दिवसातून पाच वेळा फवारणी, यातलं काहीही लागत नाही. बाहेर मे महिन्यातली लू वाहत असली तरी आतल्या झाडाला त्या कोरडेपणाचा पत्ता लागत नाही.

आता रात्रीचं बघा. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या गार रात्रीचं, कौतुक आपण सगळेच करतो, पण पेटीत तीच थंड रात्र वेगळं काम करते. दिवसा आत २६ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर हवेत घनमीटरमागे साडेएकोणीस ग्रॅम वाफ असते. रात्री पेटी २० अंशांवर आली की हवेला १७ ग्रॅमच्या वर धरता येत नाही. उरलेलं पाणी काचेवर, पानांवर आणि सगळ्यात वाईट म्हणजे कोवळ्या कोंबाच्या बेचक्यात उतरतं. तिथे ते सकाळपर्यंत साचून राहिलं की कोंब काळा पडतो. ज्या जंगलांतून ही ऑर्किड आली तिथे धुकं असतं, पण वारा कायम असतो. पान भिजतं आणि तासा-दोन तासांत कोरडंही होतं.

म्हणून माझ्या पेटीत सर्वात महत्त्वाची वस्तू म्हणजे जुन्या कॉम्प्युटरचा ८० मिलिमीटरचा पंखा. तो १२ व्होल्टचा असतो, मोबाइलच्या जुन्या ५ व्होल्टच्या चार्जरवर जोडला की बहुतेक पंखे हळू आणि बिनआवाजी फिरतात. वारा झाडांवर थेट सोडायचा नाही, काचेवर सोडायचा. तो तिथून वळून सगळीकडे पोचतो. दुसरं म्हणजे हवेची वाट. पुढच्या काचेच्या खाली बोटभर फट आणि वर मागच्या बाजूला जाळीची पट्टी. दिव्याने तापलेली हवा वरून निघते, ताजी खालून येते, आणि पुढची काच स्वच्छ राहते. काचवाल्याला कागदावर काढून दाखवा, तो सिलिकॉनने बेताने करून देतो.

दिवा साध्या पांढऱ्या एलइडी बॅटनचा, ६५०० केल्विन (म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), पेटीच्या बाहेर वरच्या काचेवर. टायमरवर १२ तास. पेटी उन्हात कधीही ठेवू नका, अगदी हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हातही नाही. बंद काचेत ऊन शिरलं की तापमान बघता बघता चाळिशी ओलांडतं.

आता झाडं. माझ्याकडे जास्त करून ज्वेल ऑर्किड आहेत, म्हणजे ज्यांची पानंच बघण्यासारखी असतात. लुडिसिया डिस्कलर: गडद तपकिरी मखमली पान, त्यावर तांबूस रेघा. मॅकोडेस पेटोला: हिरव्या पानावर सोनेरी शिरांचं जाळं, आणि टॉर्च तिरका धरला की शिरा खरोखर चमकतात. शिवाय तैवानची हराएला, जिचं अख्खं रोप तळहातावर मावतं पण फूल रोपाच्या मानाने चांगलं मोठं येतं, आणि काही छोटी बल्बोफायलम.

प्रश्न विचारा, माहिती असेल ते सगळं सांगते.

ग्वाल्हेरकर (ग्वाल्हेर)

ताई, धागा वाचनखुणांत टाकला. वाफेचा हिशोब असा कधी कोणी मांडला नव्हता.

आमच्याकडे जून उजाडेपर्यंत ४५ अंश आणि जानेवारीत धुक्यात ४-५ अंश. मला मासदेवालिया आणि ड्रॅक्युला या ऑर्किडचं वेड लागलंय. ड्रॅक्युलाचं माकडाच्या तोंडासारखं दिसणारं फूल बघितल्यापासून झोप नाही. पेटीत जमेल का?

रेवाकाठ (इंदूर)

ग्वाल्हेरकर, दोन्ही मुख्यतः अँडीज पर्वतातल्या ढगाळ जंगलातल्या. त्यांना रात्री १२ ते १५ अंश लागतात आणि दिवसा पंचविशीच्या वर गेलं की त्या कोमेजायला लागतात. शिवाय ऑर्किडच्या या गटातल्या झाडांना पाणी साठवणारे फुगीर कंद नसतात, त्यामुळे उन्हाळ्यातला एक वाईट आठवडाही त्यांना पेलत नाही. ग्वाल्हेरात त्यांच्यासाठी पेटीला स्वतःची शीतयंत्रणा लागेल, आणि मे महिन्यात वीज गेली की खेळ संपला. मी हौस मोडत नाहीये, पण ते झाड तुमच्याकडे मरायलाच येईल. त्याच गटातली उष्णता सोसणारी स्पेक्लिनिया ग्रोबाय घ्या. पान बोटाच्या पेराएवढं, फुलं पिवळसर आणि नाजूक, भिंग घेऊन बघावीत अशी. हात बसेपर्यंत लुडिसिया आणि मॅकोडेस.

हिवाळ्यासाठी पेटीच्या मागच्या काचेला बाहेरून हीट मॅट लावा, थर्मोस्टॅटसह. तळाला नको, मुळं शिजतात. १६-१७ अंशांच्या खाली जाऊ दिलं नाही की ज्वेल ऑर्किड निवांत असतात.

सुरसागर (बडोदे)

उन्हाळ्याचं काय करता ते लिहिलंच नाही तुम्ही. खोलीच ३८ वर गेली तर पेटी काय करणार? आमच्याकडे कूलर लावून बघितला, काही उपयोग झाला नाही. एसी दिवसभर परवडत नाही.

रेवाकाठ (इंदूर)

बरोबर मुद्द्यावर आलात. इथे इंदूर आणि बडोद्याचे रस्ते वेगळे होतात.

कूलर पाणी उडवून हवा गार करतो, त्यामुळे हवा जितकी कोरडी तितका तो जास्त चालतो. मे महिन्यात इंदुरात दुपारी ४१ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असते तेव्हा पाण्याच्या जोरावर हवा जास्तीत जास्त २१ अंशांपर्यंत उतरू शकते. घरातला बरा कूलर त्यातला तीन चतुर्थांश पल्ला गाठतो, म्हणजे २६ अंश. ऑर्किडला याहून चांगलं काय हवं! ज्या कोरड्या हवेला आपण नावं ठेवतो तीच आपल्याला स्वस्तात गारवा देते. खोलीची समोरची खिडकी उघडी मात्र हवी, नाहीतर दमट हवा कोंडते आणि कूलर नुसता गरगरत राहतो.

बडोद्याला जूनच्या सुरुवातीला ३८ अंश आणि ५० टक्के धरा. तिथे पाण्याने हवा साडेअठ्ठाविसाच्या खाली जाऊच शकत नाही, कूलरसमोर ३१ मिळाले तरी नशीब. म्हणून तुमचा कूलर बिघडलेला नाही, तुमची हवाच तशी आहे. तुम्ही पेटी घरातल्या सर्वात गार कोपऱ्यात, तळमजल्यावर, उत्तरेच्या भिंतीला, जमिनीलगत ठेवा. दिवा रात्री लावा आणि दिवसा बंद ठेवा. झाडाला १२ तास उजेड मिळाल्याशी मतलब, तो कधीचा आहे याची त्याला फिकीर नाही. दिव्याची स्वतःची उष्णता अशाने दुपारच्या उष्णतेत मिसळत नाही. आणि रात्री एसी लावत असाल तर पेटी त्याच खोलीत.

शेंगदाणा (देवास)

दिवा रात्री लावायची कल्पना फार आवडली.

वाचता वाचता आठवलं, या काचपेटीचा शोध ऑर्किडसाठी लागलेलाच नाही. लंडनमधले डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी १८२९ च्या सुमारास एका बंद बाटलीत ओल्या मातीत पतंगाचा कोष ठेवला होता. मातीत आपसूक नेचा आणि गवत उगवलं आणि पाणी न घालता टिकलं. लंडनच्या धुरात त्यांचे नेचे एरवी मरत असत. १८३३ मध्ये त्यांनी अशाच पेट्यांतून रोपं जहाजाने सिडनीला पाठवली आणि ती जिवंत पोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्युनने चीनमधली चहाची रोपं हिमालयातल्या मळ्यांसाठी आणली तीही वॉर्डच्या पेट्यांतून.

निशिगंध (पुणे)

छान माहिती. मात्र 'पूर्ण बंद बरणी' वाले व्हिडिओ फिरतात त्यात ऑर्किड लावून झाकण सील करतात, ते चूक की बरोबर?

आणि एक विचार आला. पावसाळ्यात आंबोली, महाबळेश्वर भागात झाडांवर किती ऑर्किड असतात! काही तर पडलेल्या फांद्यांवर. तिथलीच आणून पेटीत लावली तर? शेवटी ती बांडगुळंच, झाडालाही बरं.

रेवाकाठ (इंदूर)

निशिगंध, सीलबंद बरणीत नेचे आणि शेवाळ राहतील. ऑर्किडच्या मुळांना हवा हवी. बाहेरून जो पांढरा स्पंजासारखा थर दिसतो त्याला वेलामेन म्हणतात. सुकं मूळ चांदीसारखं दिसतं. त्यावर पाण्याचा थेंब सोडा, तुमच्या डोळ्यांदेखत ते हिरवं होत जातं, कारण पाणी शोषलेला थर पारदर्शक होऊन आतला हिरवा गाभा दिसतो. दोन पाण्यांच्या मधे तो थर पुन्हा चांदीसारखा व्हायला हवा. सतत हिरवंच राहणारं मूळ कुजायच्या मार्गावर असतं. ज्वेल ऑर्किड जमिनीवरची असल्याने त्यांना थोडं जास्त ओल चालतं, पण चिखल त्यांनाही नको.

आता दुसरा मुद्दा, आणि याबद्दल मला मनापासून लिहायचंय. ऑर्किड बांडगूळ नाही. बांडगूळ झाडाच्या आत मुळं खुपसून रस पितं. ऑर्किड सालीवर नुसतं बसतं, पाणी पावसाचं आणि धुक्याचं, खत पालापाचोळ्याचं. सीतेची वेणी हे ऑर्किड वर्षानुवर्षं एखाद्या झाडावर लोंबते आणि झाडाचं काही बिघडत नाही. आपल्या माळव्यातल्या आंब्यांवरची रास्नाही तशीच.

जंगलातून एक रोप उचलणं म्हणजे नुसतं एक रोप नाही. ऑर्किडचं बी धुळीसारखं असतं, त्यात रुजणाऱ्या जिवासाठी शिदोरीच नसते. त्या सालीवर एक विशिष्ट बुरशी असेल आणि ती बियाला अन्न पुरवेल तरच बी रुजतं. एका बोंडातून धुळीसारखी असंख्य बियाणं उडतात आणि त्यातली फार थोडी रोपं होतात, तीही फुलायला वर्षं घेतात. म्हणून ज्या फांदीवरून रोपं ओरबाडली तिथे नवीन यायला फार काळ जातो, कधीकधी येतच नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या यादीत लेडीज स्लिपर, निळी वांडा आणि लाल वांडा यांची नावं आहेत. जगातली सगळी ऑर्किड साइटिस करारात (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) येतात. पण कायदा बाजूला ठेवला तरी हे झाड रानातून पेटीत आणू नका, ही माझी हात जोडून विनंती. पडलेल्या फांदीवरचं ऑर्किड दिसलं तर ती फांदी तिथल्याच एखाद्या झाडाच्या बेचक्यात टेकवून ठेवा. त्याला तिथलीच बुरशी, तिथलेच कीटक मिळू द्या.

पेटीसाठी फ्लास्कमधली, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत बियांपासून वाढवलेली रोपं घ्या. १९२२ मध्ये लुईस नडसन यांनी दाखवून दिलं की बुरशीशिवायही, साखर आणि क्षार घातलेल्या अगारच्या जेलीवर ऑर्किडचं बी रुजतं. आज आपल्याला नर्सरीतली हजारो रोपं मिळतात ती या शोधामुळे. आता जंगलाला हात लावायचं काही कारणच उरलेलं नाही.

विकत घेताना रानातलं रोप ओळखायचं कसं ते सांगते. मुळं कात्रीने कापल्यासारखी एकाच पातळीत तुटलेली, त्यांना सालीचे तुकडे चिकटलेले. पानांवर शेवाळ, दगडफूल आणि जुन्या किड्यांनी कुरतडल्याच्या खुणा. एकाच विक्रेत्याकडे एकाच जातीची लहानमोठी, वेडीवाकडी रोपं गठ्ठ्याने. नर्सरीची रोपं एका आकाराची असतात, मुळं कुंडीच्या आकाराने वळलेली असतात. फोटोत रोप कुंडीशिवाय मोकळं ठेवलेलं असेल तर आधी मुळांचा फोटो मागा. फोटो द्यायला टाळाटाळ झाली की समजायचं.

निशिगंध (पुणे)

पटलं. बांडगुळाबद्दल लहानपणापासून तसंच ऐकत आले होते. आंबोलीला गेले की फोटोच काढेन.

रामबागवाली (इंदूर)

मी इंदूरचीच. पाण्याचं विचारायचं होतं. आमच्याकडे नर्मदा लाइनही आहे आणि बोरिंगही. मॉसवर पांढरे डाग आलेत आणि पानांच्या टोकांना जळल्यासारखं झालंय. खत तर मी घातलंच नाही.

रेवाकाठ (इंदूर)

काकू, बोरिंगचं पाणी बंद करा. ते जड आहे, क्षार मॉसमध्ये साचतात. पेटीतून पाणी वाहून बाहेर जात नाही, उडतं फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून कुंडीतल्या झाडाला जे पाणी चालतं ते पेटीत काही महिन्यांनी त्रास देतं. आरओचं गाळलेलं पाणी वापरा, बाजूच्या नळीतून जे वाया जातं ते नव्हे. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) असेल तर ५० च्या आसपास किंवा खाली हवं. पावसाचं पाणी सर्वात उत्तम. पहिल्या एक-दोन सरी सोडून द्या, गच्चीवरची धूळ वाहून जाऊ दे, मग कळशा भरा. एसीच्या नळीतलं पाणी मी वापरत नाही, ते आतल्या धातूच्या कॉइलवरून आणि धुळीवरून येतं.

सध्याचं मॉस फेकून नवीन स्फॅग्नम मॉस घ्या. नारळाच्या शेंड्या वापरत असाल तर त्या दोन-तीनदा पाणी बदलून भिजवा, त्यांच्यातही मीठ असतं. खत पाकिटावर लिहिलंय त्याच्या चौथाई ताकदीचं, पंधरवड्यातून एकदा, आणि मधे नुसत्या आरओने धुणं.

तळ्यात_मळ्यात (भोपाळ)

माझा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचा काटा) कायम ९९ दाखवतो. खरा आहे की खोटा?

रेवाकाठ (इंदूर)

घरच्या मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात पाणी इतकंच घाला की ते ओल्या वाळूसारखं होईल, विरघळून जाता कामा नये. ते झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. ओल्या मिठावरच्या बंद हवेची आर्द्रता २५ अंशांना ७५ टक्के असते, त्यात काही बदल होत नाही. सकाळी काट्यावर ८२ दिसले तर तुमचा काटा ७ ने जास्त दाखवतो, एवढं लक्षात ठेवलं की झालं. डब्यातही ९९ च दाखवला तर तो गेला, दुसरा घ्या.

आणि काटा खरा निघाला तर ९९ जास्त आहे. फट वाढवा. दिवसा ७० ते ८५ मधे राहिलं की पुरे.

सुरसागर (बडोदे)

एका लुडिसियाच्या खोडावर पाणीदार डाग पडलाय, दाबलं तर मऊ लागतंय आणि वास येतोय.

रेवाकाठ (इंदूर)

आजच करा, उद्यावर टाकू नका. वास येतो म्हणजे जिवाणूंची सड आहे, एका रात्रीत खोडभर पसरते. ब्लेड गॅसच्या ज्योतीवर धरून गार करा, डागाच्या खाली निरोगी हिरवं खोड लागेपर्यंत कापा. प्रत्येक कापाला ब्लेड पुन्हा ज्योतीवर. कापलेल्या तोंडाला दालचिनीची पूड लावा, पण मुळांना लावू नका, ती मुळं कोरडी पाडते. रोप पेटीबाहेर काढून दोन दिवस पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. लुडिसिया खरं तर पेटीशिवायही राहते, घरातली ती सर्वात काटक ज्वेल ऑर्किड. तुमच्या बडोद्याच्या हवेत ती बाथरूमच्या खिडकीत सुखाने राहील, पेटी मॅकोडेससाठी मोकळी करा.

वरचा निरोगी शेंडा टाकू नका. दोन-तीन पेरं असलेला तुकडा ओलसर मॉसवर आडवा ठेवा, पेरांतून मुळं फुटतात.

ग्वाल्हेरकर (ग्वाल्हेर)

ताई, रात्री टॉर्च घेऊन बघितलं तर कोवळ्या मुळांची टोकं खाल्लेली. दिवसा काहीच दिसत नाही.

रेवाकाठ (इंदूर)

बारीक गोगलगाई, मॉसबरोबर येतात. रात्री काकडीची चकती मॉसवर ठेवा आणि पहाटे उचला, खालच्या बाजूला चिकटलेल्या सापडतील. आठवडाभर रोज करा, कारण अंड्यांतून नव्या निघत राहतात. औषधाच्या गोळ्या बंद पेटीत नकोत. पांढरे, टुणकन उडणारे बारीक किडे दिसले तर ते स्प्रिंगटेल, ते बुरशी खातात, त्यांना राहू द्या.

रामबागवाली (इंदूर)

मॉस बदललं, आरओ सुरू केलं. लुडिसियाचा एखादा शेंडा मिळेल का गं तुझ्याकडून? मी नेचे देईन बदल्यात.

रेवाकाठ (इंदूर)

नक्की काकू, नेचे हवेतच मला. शेंडे काढलेत, मुळं फुटू लागली की निरोप देते. तोवर पेटी रिकामीच चालू ठेवा, पंखा आणि दिवा लावून, आणि सकाळ-संध्याकाळ तापमान आणि आर्द्रता लिहून ठेवा. आकडे इथे टाका, त्यावरून फट किती ठेवायची ते ठरवू.

ग्वाल्हेरकर आणि सुरसागर, तुम्हाला कुरियरने पाठवता येईल, पण ग्वाल्हेरला आता थंडीत नको, होळीच्या आसपास पाठवते.